पेडणे की डिचोली?

पणजीतील एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षे इमानेइतबारे नोकरी करून गेल्या मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झालेल्या आमच्या एका जुन्या वाचकाचे पत्र फाल्गुनात आमच्या हाती आले. पत्र चार पानांचे होते. त्यात सरकारवर टीका नव्हती की कोणत्या पुढाऱ्याचे गुणगान नव्हते. मूळ गाव सत्तरीतले. वडिलोपार्जित घराचे पाच भाऊबंदांत पाच वाटे झालेले. सारा जन्म रायबंदरला भाड्याच्या दोन खोल्यांत गेला. मुलगा मोप्याच्या विमानतळावर कामाला लागला आहे, सून डिचोलीच्या एका विद्यालयात शिकवते. हाती येणाऱ्या भविष्यनिर्वाह निधीतून आता एकदाचे स्वतःचे घर घ्यायचे आहे. दोन जागा पाहून ठेवल्या आहेत : एक पेडणे तालुक्यात धारगळला, नव्या इमारतीतील सदनिका, दुसरी डिचोलीनजीक मुळगावच्या वाटेवर, अंगणा-विहिरीसह जुने कौलारू घर. दोहोंची किंमत जवळपास सारखीच. ‘पुत्र पेडण्याकडे ओढतो, सून डिचोलीकडे, आम्ही उभयता मध्ये उभे आहोत. तुम्ही काय म्हणता?’ असे त्यांनी शेवटी विचारले आहे.

घर कोठे घ्यावे हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न आहे, त्यावर वृत्तपत्राच्या संपादकीय स्तंभाने का बोलावे, अशी शंका कोणी घेईल. आम्हीही ती प्रथम घेतली होती. परंतु विचार करता असे ध्यानात आले की, हे पत्र एकट्याचे नाही. तिसवाडी आणि बार्देश या दोन तालुक्यांतून पगारदार गोमंतकीय आता जवळजवळ हद्दपार झाला आहे. पर्वरी, शिवोली, हणजूण, आसगाव येथील भाव ऐकून तो कानांवर हात ठेवतो आणि नदीपलीकडे पाहू लागतो. शापोऱ्यापलीकडे पाहिले तर पेडणे दिसते, अस्नोड्यापलीकडे पाहिले तर डिचोली. २०११ च्या जनगणनेत पेडण्याची लोकसंख्या ७५,७४७ होती आणि डिचोलीची ९७,९५५. दोन्ही तालुके आकाराने जवळपास सारखे, दोन्ही म्हापशापासून जवळपास सारख्याच अंतरावर, दोहोंची सीमा एकमेकांस भिडलेली. साळच्या काठावर उभे राहिले की नदीपलीकडे पेडण्याचे माड दिसतात. असे हे शेजारी. पण त्यांत घर घेणाऱ्याची कुंडली मात्र अगदी निरनिराळी निघते. म्हणून आम्ही पत्राचे उत्तर टपालाने धाडण्याऐवजी दोन रविवार खर्चून दोन्ही जागा स्वतः पाहून आलो.

या दोन्ही तालुक्यांना ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यातून डिचोली १७८० नंतरच्या वर्षांत आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले. तोवर तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत जे व्हायचे ते होऊन चुकले होते. येथली देवळे त्यामुळे शाबूत राहिली, एवढेच नव्हे तर तिकडून निघालेल्या देवांनी येथे आसरा घेतला. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोली तालुक्यातील नार्व्याला आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने उभारविले. हेच देऊळ पुरातत्त्व खात्याने दुरुस्त करून फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा भाविकांसाठी खुले केले. थोडक्यात, घर बदलण्याचा प्रश्न देवालाही पडला होता आणि त्याने डिचोलीला पसंती दिली होती! अर्थात देवाला एक-चौदाचा उतारा काढावा लागला नव्हता.

पहिल्या रविवारी आम्ही धारगळला गेलो. ज्यांनी पेडणे वीस वर्षांपूर्वी पाहिले असेल त्यांना आता महामार्गावरून जाताना ते ओळखता येणार नाही. विमानतळाचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली, त्याच दिवसांत धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाचीही प्रतिष्ठापना झाली. सुकेकुळणहून विमानतळाकडे झेपावणारा रुंद रस्ता झाला. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे ही नावे पूर्वी फक्त भजनी मंडळांच्या आणि दशावताराच्या फलकांवर दिसत. आता ती जमीन दलालांच्या जाहिरातींत झळकतात. आमच्या वाचकाच्या मुलासारख्या तरुणांना या विमानतळाने काम दिले ही गोष्ट आम्ही नाकारत नाही. पेडण्याचा मुलगा शिक्षण संपले की मुंबईची वाट धरी, तो आता सायंकाळी घरी जेवायला येतो, यात आनंदच आहे.

सदनिका तिसऱ्या मजल्यावर होती. नवी, स्वच्छ, उजेडाची. सज्ज्यातून पश्चिमेस काजूच्या बागा दिसत होत्या. पाऊण तासात दोन विमाने गेली. खोलीतले बोलणे क्षणभर थांबले, एवढेच. त्याची सवय होते असे म्हणतात आणि रायबंदरच्या हमरस्त्यावर बत्तीस वर्षे काढलेल्याला ती होईलही. आम्हांला खटकले ते वेगळेच. इमारतीत चोवीस सदनिका असल्याचे पहारेकऱ्याने सांगितले. त्यांपैकी किती घरांत माणसे राहतात, असे विचारता तो हसला आणि म्हणाला, ‘पाच. बाकीचे डिसेंबरात येतात.’ जिन्यावर धूळ होती, पत्रपेट्यांना बाहेरून कुलपे होती. गोव्याबाहेरच्या मालकांनी बाहेरच्याच पाहुण्यांना आठवडा-आठवडा भाड्याने देण्यासाठी घेतलेली ही घरे. आषाढातल्या मुसळधार रात्री वीज गेली, वृद्ध माणसाच्या छातीत कळ आली, तर हाक मारायची कोणाला? गच्चीतून पाणी गळू लागले तर दुरुस्तीच्या खर्चाला मान डोलावणारे एकोणीस मालक दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद येथे गाठायचे कसे? जाहिरातींतून घराचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये सांगतात. शेजाराचे क्षेत्रफळ कोणी सांगत नाही.

पाण्याची चौकशी केली. पेडण्याची भिस्त मुख्यतः चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पावर आणि तिळारीच्या पाण्यावर आहे. तिळारी धरण महाराष्ट्रात, कालवे दोडामार्ग तालुक्यातून येतात. तिकडे कालवा फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद झाला की इकडे नळ कोरडे पडतात. उलट धरणातून अवचित पाणी सोडले तर, ऑगस्ट २०१९ मध्ये झाले तसे, इब्रामपूर, चांदेल, हसापूर आणि पलीकडचे साळ यांच्या अंगणांत नदी शिरते. या इमारतीत एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो हे दलालाने सांगितले नाही. ते आम्हांला खाली दुकान थाटून बसलेल्या बाईंनी सांगितले. ‘टँकर आला म्हणजे आमचा धंदा होतो, सायबा, चालकाला चहा लागतो,’ असे त्या म्हणाल्या. घर पाहायला जाणाऱ्याने आधी कोपऱ्यावरच्या दुकानात चहा घ्यावा, दलालाच्या मोटारीत नंतर बसावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धारगळची ती इमारत म्हणजे पेडणे नव्हे. आम्ही परतताना मुद्दाम विर्नोडे, कोरगाव या बाजूने आलो. तेथे पेडणे अजून जागेवर आहे. तुळशीवृंदावन, सारवलेले अंगण, ओसरीवर पाटाला टेकून बसलेले आजोबा, देवळाच्या मंडपात नाटकाच्या तालमी. कोजागिरीच्या पुनवेला भगवतीच्या आवारात जो जनसागर लोटतो तो पाहिला म्हणजे या तालुक्याचे काळीज कोठे आहे ते कळते. परंतु अशा गावांत घर सहसा विकायला निघत नाही. निघाले तर आधी भाऊबंद घेतो. ज्याचा पेडण्याशी पिढीजात संबंध आहे त्याने तेथेच घर बांधावे आणि ज्याची जमीन आहे त्याने ती राखावी, हे आम्ही आग्रहाने सांगू. मात्र मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावरच्या गावांविषयी पगारदार माणसाला काही सांगण्यासारखे उरलेले नाही. मोरजीच्या टेंब भागात समुद्रकासवे अजून अंडी घालण्यास येतात. त्यांच्यासाठी वनखाते जागा राखून ठेवते. शिक्षक-कारकुनांसाठी तशी जागा राखण्याची योजना अद्याप कोणत्याही खात्याच्या विचाराधीन नाही.

दुसऱ्या रविवारी डिचोली. गावात शिरता शिरताच फरक जाणवतो. ही वस्ती पाहुण्यांसाठी सजलेली नाही. ती स्वतःसाठी राहते. बुधवारच्या बाजारात मेणकुऱ्याची, कुडचिऱ्याची भाजी येते, साखळीला सोमवारी बाजार भरतो. कासारांच्या दुकानांत समया लटकतात, कुंभारांची मडकी दाराशी उतरंडीने रचलेली असतात, नव्या सोमवारच्या उत्सवाला गावकरवाडा आणि बोर्डे या दोन्ही बाजूंची चढाओढ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. साखळीला शासकीय महाविद्यालय आहे, डिचोलीत वाणिज्य महाविद्यालय आहे. सामाजिक आरोग्य केंद्र गावातच आहे. जिल्हा इस्पितळासाठी म्हापसा गाठावे लागते, तेही पेडण्याइतकेच. आमठाणे धरण तालुक्यातच असल्याने पाण्याचा एक आधार घरचा आहे. निवृत्त माणसाला जे लागते, म्हणजे सकाळी वर्तमानपत्र, संध्याकाळी देऊळ आणि मधल्या वेळेत वाद घालायला चार समवयस्क, ते सारे येथे पायी चालण्याच्या अंतरावर आहे. आम्हांला वाटले, पत्राचे उत्तर सापडले.

मग मुळगावच्या वाटेवरचे ते घर पाहिले. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, मागे फणस आणि दोन माड, बाजूला गोल बांधणीची विहीर. गृहिणीने बांधावे तसे बांधलेले, वापरावे तसे वापरलेले घर. किंमत ऐकून आश्चर्य वाटले. एवढे घर एवढ्यात? आश्चर्य फार वेळ टिकले नाही. विहिरीत डोकावलो तर तळाशी हातभर पाणी, आणि चैत्र नुकता लागला होता. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी कुंपणापलीकडून सांगितले की पूर्वी या विहिरीचा दोर सहा हातांचा होता, आता पंधरा हातांचाही पुरत नाही. मग त्यांनी टेकडीकडे बोट दाखविले. टेकडी म्हणजे काय, तिचा उरलेला अर्धा भाग.

डिचोलीत घर घेणाऱ्याने खाणीचा इतिहास पाठ केला पाहिजे. २०१०-११ च्या सुमारास गोव्याची खनिज निर्यात पाच कोटी टनांच्या घरात गेली होती. तेव्हा या रस्त्यांवरून शाळेतली मुले तोंडाला रुमाल बांधून जात. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, एप्रिल २०१४ मध्ये अटींसह ती उठविली. मग ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि १६ मार्चपासून खंदक पुन्हा शांत झाले. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार खनिजपट्ट्यांचा लिलाव झाला. त्या चारांतले तीन डिचोली तालुक्यातले आहेत. सुमारे ४७८ हेक्टरांच्या डिचोली पट्ट्यात २०२४ पासून उत्खनन सुरूही झाले. या पट्ट्याच्या रेषेत केवळ डोंगर नाहीत; लामगाव, मुळगाव, मये या परिसरातील घरे आणि देवळेही आली आहेत, आणि ती वगळावीत म्हणून ग्रामस्थ निवेदने देत आहेत, रस्त्यावर बसत आहेत. शिरगावच्या झऱ्यांचे आणि विहिरींचे काय झाले, हे तर उच्च न्यायालयापर्यंत गाजले आहे. समुद्रसपाटीच्या खालपर्यंत जमीन खोदली की भोवतालचे पाणी त्या खड्ड्याकडेच धावणार. तेथे विहिरीचा दोष नसतो.

खाण बंद होती तेव्हा या तालुक्यातील ट्रकमालकांच्या घरी बँकेच्या नोटिसा येत होत्या, गॅरेजवाले हात चोळत बसले होते. खाणीवर पोट असणाऱ्यांची हेटाळणी आम्ही कधी केली नाही, आजही करणार नाही. परंतु दुसऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे म्हणून आमच्या वाचकाने आपला निर्वाह निधी खनिजपट्ट्याच्या रेषेवर नेऊन ठेवावा, असे मात्र आम्ही सांगू शकत नाही. ते घर स्वस्त होते याचे कारण त्याच्या भिंतींत नव्हते, ते खाण खात्याच्या नकाशात होते.

पेडण्यात डोक्यावर विमान आणि डिचोलीत पायाखाली खनिज, मग माणसाने जावे कोठे? आम्हांला दोन्ही तालुक्यांना एका मापाने मोजायचे नाही. पेडण्यावर आलेले संकट बाहेरच्या पैशाचे आहे. ते तालुकाभर पसरणारे आहे आणि त्याची सीमा कोणत्याही नकाशावर दाखविता येत नाही. आज कोरगाव शांत आहे, उद्या तेथे काय होईल हे कोरगावकरही सांगू शकणार नाहीत. नगरनियोजन खात्याने पेडण्याचा विभागीय आराखडा पुढे केला तेव्हा ग्रामस्थांनी संतापून तो रोखून धरला. जमिनीचा वापर तुकड्यातुकड्याने बदलू देणाऱ्या १७(२) कलमाखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. तरी शेजारची काजूबाग पुढल्या वर्षी काजूबागच राहील असे लेखी कोणी देत नाही. डिचोलीवरचे संकट भयंकर असले तरी त्याला कडा आहेत. खनिजपट्टा कोठे सुरू होतो, कोठे संपतो, ट्रक कोणत्या रस्त्याने जातात, हे विचारता येते, पाहता येते, पायांनी चालून मोजता येते. पारखून घेणाऱ्याला डिचोलीत निवड करता येते. पेडण्यात, निदान आज, निवड दुसराच कोणीतरी करीत आहे. डिचोलीतही कारापूर-सर्वणच्या बाजूस मोठमोठ्या भूखंड-वसाहतींचे वारे शिरले आहे आणि तिकडचे लोक सावध झाले आहेत, हे आम्ही जाणतो. म्हणून डिचोलीची ही सोय किती काळ टिकेल याची हमी आमच्याजवळ नाही.

आता कागदपत्रांविषयी. आमचा वाचक कचेरीत जन्म घालविलेला, तरी स्वतःच्या घराच्या कागदांपुढे तोही गांगरला. एक-चौदाच्या उताऱ्यावर मालकाचे नाव दिसले की निम्मे लोक बयाणा देऊन मोकळे होतात. हा उतारा महसुली नोंद आहे, मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. त्यातले नाव बहुधा दिवंगत आजोबांचे असते. आपल्याकडच्या नागरी कायद्याप्रमाणे सामान्यतः नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, म्हणून नवऱ्याने सही केली आणि बायकोने केली नाही तर विक्री लंगडी पडते. आजोबांचे पाच मुलगे, तीन मुली, त्यांच्या पत्नी आणि जावई, मग त्यांची मुले. वारसा आणि वाटणी यांचा निकाल लावणारा दस्त किंवा इन्व्हेंटरी झाल्याशिवाय त्या घराला हात लावू नये. गिरगावात किंवा डोंबिवलीत राहणारा एखादा चुलतभाऊ सही करायचा राहिला असेल तर तो नेमका गृहप्रवेशाच्या दिवशी उगवतो, असा अनुभव आहे. जमीन बळकावण्याचे उद्योग इतके वाढले की २०२२ साली सरकारला त्यासाठी खास तपास पथक नेमावे लागले. खोटे वारस, खोटी जुनी दस्तऐवजे, परदेशी स्थायिक झालेल्यांची बंद घरे अशी ती प्रकरणे होती. बार्देशात त्याचा सुळसुळाट अधिक दिसला, पण नदी ओलांडायला चोरट्यालाही पूल आहे.

पेडण्यात आणखी एक पेच आहे. मोठमोठ्या भाटकारांच्या जमिनी, त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळे आणि राहणारे मुंडकार. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर, १९७५ साली मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती आली. तेव्हा शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या. जन्म पेडण्याचा, निवडून गेल्या डिचोलीतून. या दोन तालुक्यांची तुलना करताना त्यांचे स्मरण आपोआप होते. मुंडकाराला खेड्यात ३०० आणि पालिका क्षेत्रात २०० चौरस मीटरपर्यंत जागेचा हक्क आहे. गरिबाला मिळालेले हे छप्पर आम्हांला मोलाचे वाटते. परंतु भूखंडाच्या कोपऱ्यातले ‘छोटेसे जुने घर, ते लोक निघून जातील’ असे दलाल सांगू लागला तर समजावे की तो खोटे बोलत आहे. ते लोक निघून जाणार नाहीत, आणि त्यांनी जावेही का?

भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यास २०२३ च्या कायद्याने मनाई केली आहे. तिळारीच्या लाभक्षेत्रातील जमीन बांधकामाला वापरता येत नाही. धारगळची काही लाख चौरस मीटर जमीन त्या क्षेत्रातून वगळण्यावरून केवढे वादळ उठले ते वाचकांस स्मरत असेल. मोठ्यांसाठी क्षेत्र वगळले जाते, म्हणून आपल्याहीसाठी वगळतील अशा भ्रमात सामान्याने राहू नये. नव्या इमारतीत सदनिका घ्यायची तर ५०० चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची रेरा नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक मागावा, रूपांतराची सनद मागावी, भोगवटा दाखला हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. डिचोलीत मये गावी घर पाहणाऱ्याने तर आधी सरकारचा पत्ता शोधावा. पोर्तुगीज गेल्यावर मागे राहिलेली तेथली स्थलांतरितांची मालमत्ता १९६४ च्या कायद्याने सरकारी ताब्यात आली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मयेकरांना स्वतःच्या घराची डागडुजी करायलाही परवानगीसाठी खेटे घालावे लागले. २०१४ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, सनदा वाटल्या गेल्या. तरी ज्या घराची सनद समोर ठेवली जात नाही, ते घर आपले म्हणून विकणाऱ्याचे म्हणणे तळ्याकाठी चहा पीत ऐकून घ्यावे आणि परत यावे.

दोन्ही रविवारांचा हिशेब मांडून आम्ही आमच्या वाचकाला लिहिले ते असे. धारगळची सदनिका घेऊ नका. मुळगावच्या वाटेवरचे घरही घेऊ नका. डिचोली तालुका मात्र सोडू नका. डिचोली पालिका क्षेत्रात किंवा साखळीच्या बाजूस, खनिजपट्ट्यापासून आणि ट्रकांच्या रस्त्यापासून दूर, असे लहानसे घर शोधा. साखळीत शोधाल तर वाळवंटीच्या पुरापासून बरेच वर शोधा. बाजारपेठेत पाणी चढू नये म्हणून तेथे पंप बसवावे लागले आहेत हे विसरू नका. घर दोनदा पाहा, एकदा वैशाखात विहिरीसाठी, एकदा आषाढात छपरासाठी. खाण खात्याकडून पट्ट्याचा नकाशा मिळवा आणि सर्व्हे नंबर त्यावर स्वतः लावून पाहा. दुसऱ्यावर विसंबू नका. मुलाला रोजचा प्रवास पडेल, हे खरे. परंतु त्याची नोकरी आज मोप्याला आहे, उद्या दुसऱ्या गावी असू शकेल. तुम्हां उभयतांना मात्र उरलेले आयुष्य त्याच ओसरीवर काढायचे आहे. आणि सुनेचे मतही या घरात कधीतरी पहिले धरले जावे, असे आम्ही कंसात जोडले.

आषाढात त्यांचे उत्तर आले. साखळीच्या वरच्या अंगाला तीन खोल्यांचे एक घर त्यांनी पाहिले आहे. विहिरीला वैशाखात पुरुषभर पाणी होते, शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात आणि त्यांना बुद्धिबळाचा नाद आहे. मुलाने भर पावसात मोटारसायकलवरून अस्नोडा, कोलवाळ, धारगळ असे मोप्यापर्यंत जाऊन पाहिले. तासाला पाच मिनिटे कमी लागली, भिजला ते वेगळे. एक-चौदावर नऊ नावे निघाली. आठांच्या सह्या झाल्या आहेत. नवव्या भाऊबंदाला भेटण्यासाठी ते येत्या शनिवारी मांडवी एक्स्प्रेसने गिरगावला निघाले आहेत. बरोबर सुनेने केलेल्या खोबऱ्याच्या वड्यांचा डबा आहे.